चुकीच्या बाजूला

गेल्या खेपेला या टेबलावर मी होते.
भिंतीवर पाटी तीच –
इथे मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही –
आणि तिच्याखाली आज माझा मुलगाच झोपलाय,
अकरा वर्षांचा, शर्ट छातीपर्यंत गुंडाळून,
रात्रीपासून उपाशी.
"आई, हे गार आहे."
तेव्हाही गारच होतं, निनाद.
मी कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

शाळेत तपासणीला आलेल्या बाईंनी
त्याची कॉलर मागे ओढून पाहिली आणि चिठ्ठी लिहिली.
मानेवरचा तो काळा पट्टा
मी दोन वर्षं मळ समजून घासत होते.
बेसन, लिंबू, रविवारी काथ्या.
तो ओरडायचा. मी म्हणायचे, नीट अंघोळ करत नाहीस.
मळ नव्हता.
आतली बातमी होती, कातडीवर आलेली.

हिवरेकर मॅडम पोटावर यंत्र फिरवतात,
इस्त्री फिरवावी तसं, बरगडीच्या कडेकडेनं.
"मोठा श्वास घे. धर."
तो गाल फुगवून धरतो.
मीही धरते.
"सोड."
माझा सुटायचा राहतो.

आवाज आत सोडतात म्हणे, कानाला न येणारा.
तो आपटून परत येतो, त्याचंच हे चित्र.
"ही किडनी. हे लिव्हर.
दोघांचा रंग जवळपास सारखा हवा."
माझ्याही डोळ्यांना कळलं.
खालची सावळी,
आणि वरचं उजळ, दुधावर साय धरावी तसं.
जन्मभर मी उजळ म्हणजे चांगलं
असंच धरून चालले होते.

दीड वर्षाचा असताना
मंडळाच्या सुदृढ बालक स्पर्धेत दुसरा आला होता.
स्टीलचा डबा मिळाला, अजून त्यात साखर असते.
सासूबाई मीठमोहऱ्या ओवाळायच्या
या बाळशाला कुणाची नजर लागू नये म्हणून.
आज मीच पावती फाडून
नजर आत घातली.

पवईत चार घरी स्वयंपाक करते मी.
"तेल एकच चमचा हं, ताई."
मोजून घालते.
आणि माझ्या घरी, संघर्षनगरात,
फ्रिजवर वीसची नोट, तिच्यावर वाटी.
वीस रुपयांत खाली काय मिळतं?
चुरचुरीत लाल पाकीट, केशरी बाटली.
जिथं पोरांनी पळावं
तिथं रिक्षा लावलेल्या.

"लिव्हर म्हणजे नेमकं काय हो?"
"यकृत," मॅडम म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून
माझ्याच उजव्या बरगडीखाली बोट टेकवलं.
मला शफीभाईंचं दुकान आठवलं.
"काळीज देऊ का पावशेर?" विचारतात ना,
ते हेच.
पोराला काळजाचा तुकडा म्हणताना
मी हात नेहमी डावीकडे ठेवायचे.

"ग्रेड टू," त्या लिहिणाऱ्या मुलीला म्हणाल्या.
निनाद कोपरावर उठला. "कितीपैकी?"
"तीनपैकी."
त्याला वाटलं, बरे पडले.
कुणी हसलं नाही. मग मॅडमच थोड्या हसल्या.

"थोडं असतं तर यात दिसलंही नसतं.
दिसलं म्हणजे बरंच साचलंय.
पण अकरा वर्षांचं आहे ते, अजून ऐकतं.
सहा महिन्यांनी परत आणा."
मी 'हो' म्हटलं, पोळ्या वाढवून सांगतात
तेव्हा म्हणते तसं.

कागदानं त्याचं पोट पुसलं.
त्याला गुदगुल्या झाल्या, सगळं पोट हसलं.

"भूक लागलीय," बाहेर पडल्या पडल्या.
कोपऱ्यावर गाडी होती, तिचा वास होता,
माझ्या पाकिटात कालची नोट होती.
मी काही ठरवलं नव्हतं अजून.

रस्ता ओलांडताना त्याच्या मानेवर हात ठेवला,
तिथंच, पट्ट्यावर.
तो आकसला, सवयीनं.
घासलं नाही.
नुसता ठेवला.